झाकणाआडची कोळीण

चिपळूणहून मुंबईच्या दिशेनं निघालं, वशिष्ठी ओलांडून परशुराम घाट चढला, की थोड्याच वेळात लोटे येतं. बाहेरच्या माणसाला हे नाव ठाऊक असतं ते रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे. महामार्गावर टँकरच्या रांगा, वाऱ्याबरोबर येणारा कसलासा दर्प आणि खाडीच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं चालत आलेल्या तक्रारी. महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी या भागात डोंगर कापले, तेव्हा तांबड्या मातीच्या उंचच उंच दरडी उघड्या पडल्या. 2022 च्या उन्हाळ्यात तर कामासाठी परशुराम घाट रोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला होता. त्या दरडींकडे सगळेच पाहतात, कारण त्या कधी खाली येतील याची धास्ती असते.

पण त्याहून लहान, जुन्या, कुणाच्याही नजरेत न भरणाऱ्या दरडी गावोगाव असतात. पाखाडीच्या कडेला, शेताच्या बांधाला, घरामागच्या परड्यात, वहाळाकडे उतरणाऱ्या वाटेला. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ चढतं, नेचे उगवतात. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या अशाच सावलीच्या, न हललेल्या मातीत ट्रॅपडोअर कोळी राहतात. जमिनीत बीळ, बिळाच्या तोंडावर मातीचं झाकण, झाकणाला रेशमाची बिजागरी. झाकण मिटलेलं असेल तर समोर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसालाही ते दिसत नाही.

हा प्राणी घरी पाळता येतो का, असा प्रश्न अलीकडे बरीच तरुण मुलं विचारतात. परदेशात टॅरंटुला आणि त्यांचे भाईबंद पाळण्याचा छंद जुना आहे आणि त्याचे व्हिडिओ इथल्या मोबाइलवर सहज पोचतात. सरळ उत्तर असं, की पाळता येतो. टॅरंटुलापेक्षा कमी जागेत, कमी खर्चात आणि जवळजवळ काहीही न करता. मात्र पाळणाऱ्याला बहुतेक दिवस एक मातीचं झाकण तेवढं बघायला मिळतं. ज्याला हे चालेल त्यानं पुढे वाचावं. आणि ज्याच्या घरामागे दरड आहे त्यानं तर जरूर वाचावं, कारण त्याला डब्याची गरजच नाही.

आधी हा कोळी नेमका कोण ते पाहू. घराच्या कोपऱ्यात जाळं विणणारा कोळी आणि हा, यांचे घराणेच वेगळे. जगभरात कोळ्यांच्या ज्ञात जातींची संख्या एप्रिल 2022 मध्ये 50 हजारांवर गेली. त्यातले बहुसंख्य कोळी आपले विषारी सुळे चिमट्यासारखे समोरासमोर आणून चावतात. ट्रॅपडोअर कोळी, टॅरंटुला आणि त्यांचे जवळचे नातलग मात्र जुन्या वळणाचे. त्यांचे सुळे एकमेकांना समांतर असतात आणि वरून खाली आपटतात. त्यामुळे चावण्याआधी त्यांना पुढचं अंग उचलावं लागतं. श्वासासाठी त्यांच्याकडे पानापानांची रचना असलेल्या पुस्तकी फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. जाळं विणणाऱ्या बहुतेकांकडे एकच. अंगावर रेशमी फिकट लव, रंग काळपट तपकिरी, पाय आखूड आणि भरीव. टॅरंटुलासारखा केसाळ रुबाब यांच्याकडे नाही, हेही सांगून टाकायला हवं.

खणायचं अवजार तोंडाशीच असतं. सुळे ज्या जाड जबड्यांना जोडलेले असतात, त्यांच्या पुढच्या कडेला राठ काट्यांची एक रांग असते. त्या रांगेनं माती खरवडायची, तिची गोळी करायची आणि बिळाबाहेर नेऊन टाकायची. बीळ साधारण वीतभर खोल, कधी त्याहून जास्त. आतून सगळीकडे रेशमाचं अस्तर. कोकणातली जांभ्याची माती या कामाला सोयीची आहे. पावसात ती मऊ असते, तेव्हा खणून घ्यायची. वाळली की घट्ट धरते आणि बीळ ढासळत नाही.

झाकण हा या बांधकामातला सगळ्यात नाजूक भाग. माती आणि रेशीम यांचे थर एकमेकांवर चढवून कोळीण ते तयार करते, कड कुरतडून नीट बसवते आणि एका बाजूला रेशमाची बिजागरी तशीच ठेवते. उतारावरच्या बिळात ही बिजागरी बहुधा वरच्या अंगाला असते, म्हणजे सोडलं की झाकण आपल्याच वजनानं मिटतं. बाहेरच्या बाजूला आजूबाजूचीच माती, शेवाळ, पाचोळ्याचे तुकडे. एकोणिसाव्या शतकात जॉन ट्रॅहर्न मॉग्रिज नावाचा एक इंग्रज निसर्गअभ्यासक भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर हे कोळी न्याहाळत बसला होता. 1873 साली त्याचं कापणी करणाऱ्या मुंग्या आणि ट्रॅपडोअर कोळी यांच्यावरचं पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी तो वारला. झाकणांचे दोन प्रकार त्यानं सांगितले, ते आजही वापरले जातात: एक बाटलीच्या बुचाप्रमाणे जाड आणि तोंडात घट्ट रुतणारं, दुसरं पातळ, नुसतं वर टेकलेलं. आपल्याकडच्या आयडिऑप्स वंशाच्या कोळ्यांचं झाकण पहिल्या प्रकारचं. जाडजूड आणि बऱ्याचदा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं.

कुणी झाकण उचलायचा प्रयत्न केला तर कोळीण आतून ते धरून ठेवते. सुळे आणि पुढचे पाय झाकणाच्या आतल्या रेशमात रुतवायचे, मागचे पाय बिळाच्या भिंतीला रोवायचे आणि खाली खेचायचं. काडीनं झाकण उचकटणाऱ्या पोराला हाताला जाणवणारा तो हिसका म्हणजे सबंध शरीरानं लावलेला जोर असतो. त्यात झाकण फाटलं तर तिला सगळं काम पुन्हा करावं लागतं, आणि तोवर बीळ उघडं राहतं.

शिकार रात्रीची. अंधार पडला की झाकण किंचित वर उचललं जातं आणि फटीत पुढच्या पायांची टोकं येऊन बसतात. नजर कामाची नाही; आठ डोळे असूनही हा कोळी जग ओळखतो ते जमिनीच्या कंपनांवरून. मुंगी, वाळवी, भुंगेरा, रातकिडा, जे काही आवाक्यात येईल त्यावर झडप घालायची, आत ओढायचं, झाकण बंद. या सगळ्याला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचाही वेळ लागत नाही. मागचे पाय बहुधा बिळातच असतात. घर सोडून ती शिकारीच्या मागे धावत नाही. एखादा किडा बोटभर लांबून गेला तर गेला. असे कित्येक गेले तरी तिचं अडत नाही, कारण दिवसचे दिवस न हलता बसणाऱ्या प्राण्याला अन्न फार थोडं लागतं.

वंश बदलला की घरबांधणीही बदलते. कोनोथेले वंशाचे कोळी मातीच्या कड्यावर किंवा झाडाच्या सालीवर आखूड बीळ करतात. त्यांच्या तिसऱ्या पायावर खोगिराजोगा एक खोलगट भाग असतो, त्यावरून अभ्यासक त्यांना ओळखतात. सासोन वंशाचे कोळी जमिनीत उतरतच नाहीत. झाडाच्या सालीवर किंवा दगडावर ते दोन दारांची कुपी बांधतात. एका दारानं संकट आलं तर दुसरं मोकळं.

आता वयाचा मुद्दा. नवखा पाळणारा इथेच सर्वाधिक चुकतो. कोळी म्हणजे वर्षभराचा जीव, अशी आपली समजूत असते. जाळं विणणाऱ्या बऱ्याच कोळ्यांच्या बाबतीत ती खरीही आहे. ट्रॅपडोअरची मादी मात्र दशकांच्या हिशेबानं जगते. नर काही वर्षांत वयात येतो, शेवटची कात टाकतो आणि बीळ कायमचं सोडून मादीच्या शोधात निघतो. आपल्याकडे असे भटके नर बहुतेक पावसाच्या दिवसांत दिसतात, कधी पडवीत, कधी न्हाणीघरात. दिव्याखाली काळा, चकचकीत, लांब पायांचा कोळी दिसला की झाडू उचलला जातो. झाडू न उचलला तरी त्याचं आयुष्य फार उरलेलं नसतं.

मादीच्या वयाचा सगळ्यात खात्रीचा पुरावा ऑस्ट्रेलियातून येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात, गव्हाच्या शेतांच्या मधोमध शिल्लक राहिलेल्या नॉर्थ बंगुला नावाच्या राखीव रानात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेनं 1974 मध्ये ट्रॅपडोअर कोळ्यांची बिळं मोजायला सुरुवात केली. पद्धत अगदी साधी. प्रत्येक बिळाशेजारी क्रमांक घातलेली एक खुंटी. दर वर्षी जायचं, खुंटी शोधायची, झाकणाकडे पाहायचं आणि कोळीण जिवंत आहे का ते लिहायचं. काहीही पकडायचं नाही, मारायचं नाही, प्रयोगशाळेत न्यायचं नाही. सुरुवातीच्या खुंट्यांमध्ये सोळा क्रमांकाची एक होती. तिथली कोळीण तेव्हा नुकतीच आईच्या बिळातून बाहेर पडलेलं पिल्लू होती.

वर्षं जात राहिली. शेजारच्या खुंट्यांवरच्या कोळिणी बदलल्या, बिळं ओस पडली, सोळा क्रमांकाची जागेवरच होती. ऑक्टोबर 2016 मध्ये लिआंडा मेसन या संशोधिकेला तिचं झाकण भेदलेलं आढळलं, आणि आत कोळीण नव्हती. परजीवी गांधीलमाशीनं घात केला होता. तिचं वय 43 वर्षं ठरलं. त्याआधी जगातल्या सर्वाधिक वयाच्या कोळ्याचा मान मेक्सिकोतल्या 28 वर्षांच्या एका टॅरंटुलाकडे होता. 2018 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी या कोळिणीवर मृत्युलेख लिहिले. मेन 2019 मध्ये गेल्या. एका माणसाची आणि एका कोळिणीची कारकीर्द जवळजवळ बरोबरीनं चालली, असं प्राणिशास्त्रात क्वचित घडतं.

यातली कोकणाच्या वाचकानं टिपून ठेवण्यासारखी बाब म्हणजे नातं. सोळा क्रमांकाची कोळीण गायस व्हिलोसस या जातीची होती आणि ती जात इडिओपिडी कुळातली. आपला आयडिऑप्सही त्याच कुळातला. सह्याद्रीतली कोळीण नेमकी 43 वर्षं जगते असं यावरून म्हणता येत नाही. पण घरामागच्या दरडीतलं झाकण घरातल्या थोरल्या मुलाच्या वयाचं असू शकतं, इतकं तरी लक्षात घ्यायला हरकत नाही. ही कोळीण घर बदलत नाही. अंग वाढेल तसं ती तेच बीळ रुंद करते, तेच झाकण मोठं करते. पिल्लंही दूर जात नाहीत. बऱ्याच जातींत ती काही महिने आईच्या बिळात राहतात, मग बाहेर पडून थोड्याशा अंतरावर आपलं नखाएवढं बीळ खणतात. म्हणून एका दरडीवर एक झाकण सापडलं की आसपास लहानमोठी आणखी सापडण्याची शक्यता असते. आणि म्हणूनच एक दरड साफ झाली तर तिथली सगळी वस्ती एका दिवसात संपते; लांबून येऊन ती जागा भरून काढणारं कुणी नसतं.

महाराष्ट्रात या कोळ्यांचा अभ्यास दोन टप्प्यांत झाला, आणि मधे मोठी पोकळी आहे. ब्रिटिश म्युझियममधले आर. आय. पोकॉक यांनी 1900 मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदेच्या ग्रंथमालेत कोळी-विंचवांचा खंड लिहिला. तेव्हा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी संबंधित हौशी मंडळी आणि वन अधिकारी डबीत नमुने भरून लंडनला पाठवत. पोकॉक यांनी वर्णन केलेल्या ट्रॅपडोअर जातींची नावंही बोलकी आहेत, एक ‘बांधणारा’, दुसरा ‘खणणारा’. त्यानंतर बराच काळ या गटाकडे कुणी फारसं वळलं नाही. कारण उघड आहे. जो प्राणी दिसतच नाही त्याचा अभ्यास कोण करणार? शिवाय जात नक्की करायला बहुतेकदा प्रौढ नर लागतो, आणि तो वर्षातून थोडे दिवसच बाहेर असतो.

गेल्या वीस वर्षांत मात्र चित्र पालटलं. नावात मुंबई असलेली आयडिऑप्स बॉम्बेएन्सिस 2005 मध्ये शास्त्रीय यादीत आली. मंजू सिलिवाल, झीशान मिर्झा, राजेश सानप यांच्यासारख्या संशोधकांनी सह्याद्रीतल्या बिळांकडे पुन्हा लक्ष वेधलं. 2016 मध्ये टिगिडिया कोंकणेन्सिस या जातीचं वर्णन झालं. ती ट्रॅपडोअर कोळ्यांच्या शेजारच्या, ब्रशासारखे पाय असलेल्या कुळातली आहे आणि तिच्या नावातच कोकण आहे. 2020 मध्ये एकाच शोधनिबंधातून भारतातल्या पाच नव्या ट्रॅपडोअर जाती जगापुढे आल्या. वाघ-बिबट्यांच्या मोजणीत गुंतलेल्या राज्यात रस्त्याच्या कडेच्या मातीतून नव्या जाती निघतात, ही गोष्ट जितकी आनंदाची तितकीच थोडी लाजेचीही.

आता डब्याकडे वळू. ट्रॅपडोअर पाळण्याचा छंद जिथे रुळलेला आहे, तिथे ही माहिती कामाची आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात बुचासारखं झाकण करणारी एक स्थानिक जात आढळते. तिथल्या मराठी घरातलं एखादं मूल हट्ट धरून बसलं असेल, तर आईवडिलांनी पुढच्या गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

डबा रुंद नको, खोल हवा. निदान वीतभर माती मावली पाहिजे. कुंडीसाठी मिळणारी भुसभुशीत माती बिनकामाची. त्यात बीळ उभंच राहत नाही. चिकणमातीत थोडी वाळू मिसळून, किंचित ओलवून, थराथरानं चोपून भरायची. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये, इतपत ओल. मग पेन्सिलीनं किंवा बोटानं तिरकं भोक पाडायचं, कोळ्याच्या अंगापेक्षा थोडं मोठं. कोळी त्यात शिरतो आणि बाकीचं घर स्वतः पुरं करतो. काही दिवसांत झाकण तयार झालं, की समजावं बिऱ्हाड बसलं. वर छिद्रांचं घट्ट झाकण लागतंच, कारण जागा पसंत पडली नाही तर हा प्राणी रात्री भटकतो.

त्यानंतर हात आवरणं हेच काम. डबा उन्हात ठेवायचा नाही, दिवा नको. माणसाला सुखाची वाटणारी खोलीची हवा त्याला पुरते. आठवड्या-दोन आठवड्यांनी एक लहान रातकिडा किंवा झुरळ सोडायचं. ते घरात फवारा मारलेल्या जागेतलं नको; झुरळ मारणारं औषध कोळ्यालाही मारतं. डास पळवणारी उदबत्ती किंवा यंत्र त्या खोलीत लावणं टाळावं. पाणी डब्याच्या एका कोपऱ्यात ओतायचं, म्हणजे खालची माती ओली राहते आणि वर बुरशी धरत नाही. कधी आठवडेच्या आठवडे झाकण उघडत नाही, टाकलेला किडा तसाच फिरत राहतो. नवखा माणूस घाबरून माती उकरतो आणि आत कात टाकत बसलेल्या, मऊ पडलेल्या कोळिणीचा जीव घेतो. असा किडा काढून टाकावा आणि गप्प बसावं. हातावर घेऊन खेळवण्याचा हा प्राणी नाही. पडला तर त्याचं पोट फुटू शकतं, आणि चिडला तर तो सुळे उगारतो.

चावला तर काय, हा प्रश्न कोकणात पहिला येतो, आणि ते स्वाभाविक आहे. विंचू आणि फुरसं यांच्याबरोबर इथली पिढ्यान् पिढ्यांची ओळख आहे. ट्रॅपडोअर कोळ्याकडे विष असतं, ते किड्यासाठी. माणसाला त्याचा चावा दुखतो, सूज येऊ शकते. त्याची धास्ती विंचवाइतकी बाळगण्याचं कारण नाही. जखम धुवावी, आणि त्रास वाढला, दम लागला किंवा अंगावर गांधी उठल्या तर दवाखाना गाठावा. मुळात बिळात राहणारी मादी माणसाला चावायला बाहेर येत नाही. चावे होतात ते तिला उकरून हातात घेणाऱ्यांना.

तर मग लोट्यातल्या दरडीतून एक कोळीण काढून डब्यात का ठेवू नये? कायद्याची बाजू आधी. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून कुठलाही वन्य जीव उचलणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग तो कोळी का असेना; आणि लोट्याच्या पूर्वेला घाटमाथ्यावर कोयना अभयारण्य पसरलेलं आहे. परदेशी कोळी मागवण्याचा मार्गही सरळ नाही. जुलै 2021 मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालानं आलेलं एक पार्सल उघडलं, तर लहान लहान कुप्यांमध्ये 107 जिवंत कोळी निघाले. ते परत पाठवण्यात आले. आपल्या सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या रंगीत टॅरंटुलांचा पोसिलोथेरिया वंश 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहे, तो परदेशी छंदिष्टांची मागणी फार वाढल्यामुळेच. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा यादीतल्या जीवांची आपल्या कायद्यात स्वतंत्र सूची झाली आणि ते बाळगणाऱ्यांना नोंदणीचे नियम लागू झाले.

पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. बीळ उकरताना ते मोडतं, आणि वयस्क कोळिणीला नवं बीळ खणणं जड जातं. दुसऱ्या जागी नेऊन सोडली तर उघड्यावर ती गांधीलमाशी, गोम किंवा मुंग्यांच्या तावडीत सापडू शकते. कोळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्या तिला दंश करून लुळी करतात, तिच्या अंगावर अंडं घालतात आणि अळी तिला जिवंतपणीच खाते. बिळात असताना निदान झाकण तरी आड असतं. शिवाय एक प्रौढ मादी काढली, की तिची पुढची वीण थांबते. ज्या वस्तीला बाहेरून भर पडत नाही, तिथे एक-दोन डबे भरणंही पुष्कळ झालं.

म्हणून कोकणातल्या माणसानं बार्बरा मेन यांची पद्धत उचलावी आणि कोळीण जिथे आहे तिथेच पाळावी. यासाठी डब्याहून जास्त चिकाटी लागते, हे मान्य. पावसाळा ओसरत आला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, शेवाळलेल्या दरडीवर तिरका टॉर्च मारत सावकाश चालायचं. दिवसा मिटलेल्या झाकणाची चंद्रकोरीसारखी बारीक रेघ तेवढी दिसते. रात्री फटीतले पाय दिसतात, पण पावलाचा हादरा पोचला की झाकण मिटलेलं असतं. बीळ सापडलं की हातभर अंतरावर बांबूची एक खुंटी ठोकायची, अगदी जवळ नको. क्रमांक लिहायचा. झाकणाला हात न लावता शेजारी पट्टी धरून फोटो काढायचा, म्हणजे रुंदी कळते. दर वर्षी त्याच सुमाराला पुन्हा फोटो. गवताची काडी झाकणात घालून कोळिणीला बाहेर काढण्याचा खेळ मोह पाडतो, तो टाळायचा.

त्या दरडीची राखण हीच या पाळीव प्राण्याची देखभाल. भाताच्या राबासाठी भाजावळ करताना आग दरडीपर्यंत जाऊ नये. उन्हाळ्यात सड्यावर लागणारे वणवे शेवाळ आणि पाचोळा खाऊन टाकतात, तेव्हा झाकण उघडं पडतं. बांध साफ दिसावा म्हणून हल्ली तणनाशक मारलं जातं. तिथे कोयती पुरते. पाखाडी रुंद करायला किंवा गडगा नव्यानं घालायला जेसीबी येतो, तेव्हा चार हात दरड सोडून काम होत असेल तर चालकाला आधीच दाखवून ठेवावी. चिरेखाणीपुढे मात्र असल्या विनवणीला किती किंमत मिळेल, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. औद्योगिक वसाहतीभोवतीचे जुने बांध, देवळामागच्या राया, शाळेच्या कुंपणालगतचे उतार अजून बरेच शाबूत आहेत, आणि लोटे परिसरातल्या एखाद्या शाळेनं आपल्या दरडीवर दहा खुंट्या ठोकल्या तर विज्ञानाच्या शिक्षकाला अनेक वर्षांचा उपक्रम आयता मिळेल. पाचवीतल्या मुलानं नोंदवलेली कोळीण तो दहावीला जाईपर्यंत तिथेच भेटण्याची शक्यता दांडगी आहे.

ज्यांच्याकडे दरडही नाही आणि धीरही नाही, त्यांच्यासाठी घरात एक सोय आधीच आहे. कोकणातल्या जुन्या घरांत रात्री भिंतीवर पंजाएवढा, चपटा, तपकिरी कोळी दिसतो. जाळं विणत नाही, झुरळं खातो, भाडं मागत नाही. त्याला पाळायचं म्हणजे चप्पल फेकून मारायची नाही, इतकंच. कोळी पाळण्याची सुरुवात करणाऱ्यानं खरं तर याच्यापासूनच करावी.

दरडीवरच्या नोंदी मात्र वहीतच राहू देऊ नयेत. आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठावर फोटो टाकला की जाणकार वंश ओळखायला मदत करतात, आणि पावसाळ्यात पडवीत आलेल्या नराचा स्वच्छ फोटो तर संशोधकाच्या फारच कामाचा असतो. फक्त फोटो टाकताना ठिकाण अंधूक दाखवण्याचा पर्याय निवडायला विसरू नये. दुर्मीळ कोळ्यांचे खरेदीदार नकाशे वाचतात आणि नव्या जातीचा पत्ता उघड झाला की तिथे माणसं पोचतात, म्हणून कित्येक संशोधकही आपल्या निबंधांत नेमकी जागा देत नाहीत. तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, एवढं पुरे.